उरलेले वाक्य – प्रस्तावना

चार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला विचारले, "काय हो, हळदीने म्हणे चरबीच्या पेशी तयारच होत नाहीत. खरं का?" माझ्या हातात जिलबी होती. मी म्हणालो, "हो, म्हणजे प्रयोगशाळेत तसं दिसलंय, पण..." तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि वाक्य तिथेच राहिले. काकांनी 'हो' तेवढे घरी नेले. पुढचे आठ महिने ते रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे हळद कोमट पाण्यातून घेत होते. वजन जागचे हलले नाही. पंचे, वाट्या आणि काकांची पांढरी मिशी मात्र पिवळी झाली. काकूंनी मला जिन्यात गाठून जाब विचारला, तेव्हा ते अर्धवट राहिलेले वाक्य आठवले. हे पुस्तक म्हणजे त्या 'पण'च्या पुढचा मजकूर आहे. तो एवढा लांबला याला काका जबाबदार नाहीत.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वनस्पतींमधली अनेक द्रव्ये चरबीची पेशी घडण्याच्या वाटेत आडवी येतात, हे काचेच्या बशीत पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. हळदीतले कुर्क्युमिन, कांद्यातले क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतले रेझ्वेराट्रॉल, सोयाबीनमधले जेनिस्टीन, हिरव्या चहातली कॅटेचिने, दारुहळदीतले बर्बेरिन, गुग्गुळातले गुग्गुलस्टेरॉन अशी ही यादी बरीच लांबवता येते. हे शोधनिबंध खोटे नाहीत. ते लिहिणारी माणसे भोंदू नाहीत. तरीही त्या निबंधांच्या मथळ्यांवरून डब्यावरचे लेबल तयार होईपर्यंत मध्ये काहीतरी गळते. काय गळते, हे सांगायचे तर आधी चरबीची पेशी म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे.

मराठीत चरबीबद्दल बरे बोलणारा वाक्प्रचार मला तरी सापडलेला नाही. माणसाला चरबी चढते ती माजाची. आयुर्वेदाने मात्र मेदाला सात धातूंमध्ये मानाने बसवले आहे, आणि चरकसंहितेने ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंदित म्हटले, त्यांत अतिस्थूल आहे तसा अतिकृशही आहे. हा तोल आपण मधल्या काळात कुठेतरी हरवला. सूक्ष्मदर्शकाखाली भरलेली मेदपेशी पाहिली तर खड्याच्या अंगठीची आठवण होते. आत तेलाचा एकच मोठा टपोरा थेंब, आणि बाकी सगळा संसार, केंद्रकासकट, कडेला रेटलेला. अशी एखादी पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी फुगू शकते. शरीराला जास्तीची ऊर्जा ठेवायची झाली की दोन वाटा असतात : असलेल्या पेशी आणखी फुगवायच्या, किंवा नव्या घडवायच्या. पेशीच्या या नव्या घडणीलाच वनस्पतिद्रव्यांनी आळा बसतो, असा दावा आहे.

मग साहजिकच प्रश्न येतो की मोठ्या माणसाच्या अंगात नव्या मेदपेशी घडतात तरी किती. याचे उत्तर ज्या रीतीने मिळाले ती रीत मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी उघड्या आकाशाखाली अणुचाचण्या केल्या, आणि हवेतल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम चढले. १९६३ च्या करारानंतर ते वर्षानुवर्षे उतरत गेले. झाडांनी तो कार्बन घेतला, झाडे माणसांनी खाल्ली, आणि त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत त्या वर्षीची हवा कोरली गेली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या चरबीतल्या डीएनएवरून पेशींच्या जन्मतारखा वाचल्या आणि २००८ साली निकाल मांडला. मेदपेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते. पुढे प्रौढपणी ती जवळजवळ स्थिर राहते. स्थिर म्हणजे थिजलेली नव्हे : दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. जठराची शस्त्रक्रिया करून ज्यांचे वजन खूप उतरले, त्यांच्याही पेशींची संख्या दोन वर्षांनी घटलेली नव्हती. पेशी फक्त रोडावल्या होत्या.

पन्नाशीतल्या काकांच्या अंगात म्हणजे दरवर्षी दहातल्या एका पेशीची बदली होते. हळदीने ती बदली शंभर टक्के रोखली असे क्षणभर धरले, तरी पहिल्या महिन्यात वजनकाट्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. उलट जुन्या पेशी मरत राहिल्या, नव्या आल्या नाहीत, आणि काका जेवत राहिले, तर ती जास्तीची ऊर्जा उरलेल्या पेशींत ठासून भरली जाईल. हा मुद्दा इथे पेरून ठेवतो. त्याचे पीक पुढे येईल.

आता बशी. १९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन हे उंदराच्या गर्भातल्या पेशी वाढवत होते. दर तीन दिवसांनी पेशी उचलायच्या आणि नव्या बशीत तीन लाख पेरायच्या, असा त्यांचा नेम. त्यावरून त्या पेशींच्या वंशाला थ्री-टी-थ्री हे नाव पडले. ग्रीन पुढे एमआयटीत गेले. तिथे त्यांच्या लक्षात आले की बशी भरून पेशींची वाढ थांबली की यांतल्या काही पेशी आपल्या पोटात तेलाचे थेंब जमवायला लागतात. दुसरा कोणी असता तर खराब झालेली बशी म्हणून फेकून दिली असती. ग्रीन यांनी त्या तेलकट पेशी वेगळ्या काढून त्यांचा वंश चालवला, आणि १९७४ च्या सुमारास थ्री-टी-थ्री एल-वन ही ओळ जगाला मिळाली. आज मेदपेशीच्या घडणीविषयी जे काही माहीत आहे, त्याचा मोठा भाग या एका उंदरी वंशाच्या खांद्यावर उभा आहे. ग्रीन यांनीच पुढे भाजलेल्या माणसांसाठी प्रयोगशाळेत त्वचा वाढवण्याचे तंत्र दिले, आणि त्या त्वचेला आधार म्हणून सुरुवातीला ज्या पेशी वापरल्या त्याही थ्री-टी-थ्रीच होत्या. पण ती वेगळी कथा.

बशीतला प्रयोग दही लावण्यासारखा असतो. पेशी दाटीवाटीने वाढल्या की त्यांना दोन दिवस तसेच ठेवतात. मग विरजण घालतात : इन्सुलिन, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, आणि आयबीएमएक्स नावाचे रसायन. दोन-तीन दिवसांनी विरजण काढून इन्सुलिनवर ठेवले की आठ-दहा दिवसांत लांबट, चपट्या पेशी गोल होतात आणि तेलाने भरतात. पेशीच्या आत या वेळी काय होते, त्याचा मोठा उलगडा १९९४ साली झाला. ब्रूस स्पीगलमन यांच्या बॉस्टनच्या प्रयोगशाळेने दाखवले की पीपीएआर-गॅमा हे एक प्रथिन साध्या तंतुपेशीत बळेच चालू केले, तरी ती मेदपेशी होते. घरातला मुख्य खटका तो. पहिल्या अंकात विरजणामुळे दोन-तीन मदतनीस जागे होतात, ते पीपीएआर-गॅमाला उठवतात, आणि तो एकदा उठला की मागे फिरणे नाही. बहुतेक वनस्पतिद्रव्ये बशीत अडथळा आणतात तो या पहिल्या एक-दोन दिवसांतच. तेलाने भरून बसलेल्या पेशीवर त्यांचा तसा प्रभाव दिसत नाही, किंवा दिसला तर वेगळ्या कारणाने दिसतो.

शेवटी ऑइल रेड ओ या रंगाने बशी रंगवतात. तेलाचे थेंब लालबुंद होतात. रंग धुऊन, उरलेला लाल विरघळवून, तो किती गडद आहे हे यंत्र मोजते. ज्या बशीत हळदीचे द्रव्य घातले होते ती फिकी निघाली की मथळा तयार : अमुक द्रव्य मेदपेशींची घडण रोखते.

फिक्या बशीचे खापर मात्र अनेकांवर फोडता येते. द्रव्य विषारी असेल तर पेशी मेलेल्या असतील. मेलेली पेशी चरबी साठवत नाही, आणि मरगळलेली पेशीही साठवत नाही. चांगला संशोधक म्हणून पेशी जिवंत आहेत की नाही हे आधी तपासतो. घाईतला संशोधक ते एका ओळीत उरकतो. पेशी धडधाकट असतील, पण विरजणानंतर त्या जी एक-दोन वेळा विभागतात ती विभागणीच अडली असेल. किंवा घडण नीट झाली असेल आणि तेल फक्त वितळून गेले असेल. शिवाय विरजणातले आयबीएमएक्स हे कॉफीतल्या कॅफिनचे चुलतभावंड आहे. म्हणजे पेशीला मेदाच्या वाटेला लावणाऱ्या त्रिकुटात एक जण त्या कुळातला आहे, ज्या कुळाला बाजारात 'फॅट बर्नर' म्हणून विकतात! बशीतल्या निकालावर संसार चालवायचा ठरवला, तर कॉफी प्यावी की टाळावी हेही सांगता यायचे नाही.

आता हळदीकडे. २००९ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात झालेला अभ्यास या क्षेत्रात फार वेळा उल्लेखला जातो. बशीत कुर्क्युमिनने थ्री-टी-थ्री एल-वन पेशींची घडण दाबली. मग तेलकट आहारावर ठेवलेल्या उंदरांना बारा आठवडे किलोभर खाद्यात ५०० मिलिग्रॅम या हिशेबाने कुर्क्युमिन दिले. ते तेवढेच खाऊनही कमी जाड झाले, आणि त्यांच्या चरबीत नव्या रक्तवाहिन्याही कमी फुटल्या. हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. चरबी वाढायला रक्तपुरवठा लागतो, शेताला पाट लागतो तसा, आणि पाट अडवला की शेत पसरत नाही, या दिशेने विचार करणारा हा अभ्यास आहे. अभ्यास चांगला आहे. तो उंदरांवर आहे.

माणसाचा हिशेब असा. बशीत लागणारे कुर्क्युमिन साधारण ५ ते २० मायक्रोमोल या पट्ट्यात असते. तैवानमध्ये झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी दोन मायक्रोमोलच्याही खाली राहिली. हळदीत कुर्क्युमिन असते सुमारे ३ टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद. काकांच्या दोन चमच्यांत फार तर पाचवा हिस्सा ग्रॅम कुर्क्युमिन होते. आतड्याची भिंत आणि यकृत त्यातले बहुतेक द्रव्य साखरेच्या किंवा गंधकाच्या रेणूला बांधून बाहेरची वाट दाखवतात, आणि उरले ते मेदपेशीच्या दारापर्यंत पोचायचे असते.

यावर लगेच उत्तर येते ते मिऱ्याचे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली दिसले की २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिले तर माणसाच्या रक्तात मिळणारे कुर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा आज प्रत्येक कॅप्सूलच्या डबीवर आहे. आकडा खरा आहे. फक्त ज्याला गुणले ते शून्याच्या शेजारचे होते, हे डबीवर नाही. आणि मिरे ही किमया करते ते यकृताचे आणि आतड्याचे हात बांधून. तेच हात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांचीही विल्हेवाट लावत असतात.

हळदीची आणखी एक खोड आहे, आणि ती आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. शर्टावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. साबणातला क्षार कुर्क्युमिनच्या रेणूची रचना बदलतो, म्हणून. हा रेणू मोठा चंचल आहे. प्रयोगशाळेतल्या साध्या, शरीराइतक्याच क्षारयुक्त द्रावणात तो काही मिनिटांत मोडायला लागतो. तो स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, धातूंना पकडतो, आणि त्यामुळे अनेक चाचण्यांत यंत्राला चकवून 'काम करतोय' असा आभास देतो. २०१७ साली काही औषधरसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनवरचे साहित्य चाळून परखडपणे लिहिले की १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून, खोट्या गोळीशी तुलना करून केलेल्या चाचणीत त्याला यश मिळालेले नाही. त्यांच्या या निष्कर्षावर वाद झाले. मला स्वतःला तो थोडा कडक वाटतो. पण रेणूच्या खोडीविषयी ते जे म्हणतात ते नाकारता येत नाही.

हळदीबद्दल असे लिहिले की काही वाचक नाराज होतात, हे मला व्याख्यानांतून कळले आहे. त्यांना १९९५ चे पेटंट आठवते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ती लढाई योग्यच होती. पण आपण जिंकलो ते 'हे आमच्या आजीला ठाऊक होते' हे सिद्ध करून. आजीला हळद ठाऊक होती ती कापल्या-खरचटल्यावर, खोकल्यावर, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी. चरबीच्या पेशीबद्दल आजीने काही म्हटलेले नाही.

कोकमाची गोष्ट वेगळी आहे, आणि मी आजोळचा कोकणी असल्याने तिच्यावर जरा जास्त वेळ घालवला आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. ते फोडून सालं वेगळी करायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची. अशी पुटे देत देत आमसूल काळे होते. आगळ बाटलीत, अमृतकोकम बरणीत. आणि बिया? त्यांच्यातून निघते ते भिरंडेल, खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारी शुद्ध चरबी, जी हिवाळ्यात भेगा पडलेल्या टाचांना चोळतात. एकाच फळाच्या सालीला 'चरबी घटवणारी' म्हणून मागणी आणि बी चरबीनेच भरलेली, हा विनोद कोकणातल्या बायकांना सांगितला की त्या हसत नाहीत; त्यांना दोन्ही विकायचे असते.

सालीतला नायक म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी १९६५ साली कोकमाच्या केरळी भावंडाच्या, म्हणजे मलबारी चिंचेच्या, फळातले मुख्य आम्ल हेच आहे असे दाखवले. तोवर ते सिट्रिक किंवा टार्टारिक आम्ल समजले जात होते. पुढे अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठातल्या जॉन लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवरचे एक विकर हे आम्ल घट्ट धरून ठेवते. इथे एक गल्लत होते ती दूर केली पाहिजे. कणगी विणणे वेगळे आणि कणगी भरणे वेगळे. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल प्रामुख्याने भरण्याच्या कामात खोडा घालते, विणण्याच्या नाही. बाजाराने दोन्ही एकाच पिशवीत घातले. त्यातही माणूस आहारातले तेल-तूप थेट साठवतो. साखरेपासून नवी चरबी बनवण्याचे काम त्याच्या अंगात, रोजच्या मिश्र जेवणावर, फारसे चालत नाही. उंदरात ते जोरात चालते. एवढ्यावरूनच उंदराचा आणि माणसाचा निकाल का फाटतो याचा अंदाज यावा.

तो फाटलाही. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, निम्म्यांना खोटी गोळी. सगळ्यांना सारखाच बेताचा आहार. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, खोटी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नव्हे, पण मला त्यातला खट्याळपणा आवडतो. सोलकढीला यामुळे कमीपणा येत नाही. ती माशांच्या जेवणावर उतारा म्हणून पितात.

गुग्गुळावर या पुस्तकात एक प्रकरण आहे, आणि ते माझ्या मते सर्वांत शिकवणारे आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतला मेदोरोगाचा उतारा वाचून, त्यात सांगितलेला गुग्गुळ सशांना देऊन पाहिला आणि १९६६ साली प्रबंध लिहिला. जुन्या ग्रंथातून तपासता येईल असा प्रश्न कसा काढावा, याचा तो वस्तुपाठ होता. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यावर पुढे काम केले आणि ऐंशीच्या दशकात कोलेस्टेरॉलवरचे देशी औषध बाजारात आले. २००८ मध्ये बशीतही गुग्गुलस्टेरॉनने मेदपेशींची घडण अडवली. पण त्याआधी, २००३ साली, फिलाडेल्फियात १०३ माणसांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढले होते. भारतातले आधीचे निकाल आणि हा निकाल यांत एवढा फरक का, यावर आहार, वंश, अर्काची प्रत अशी उत्तरे दिली जातात. त्यांची छाननी त्या प्रकरणात आहे. तोवर राजस्थान आणि कच्छमधले गुग्गुळाचे झुडूप मात्र डिंकासाठी खाचा पाडून पाडून अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसले.

दारुहळद, सोयाबीन, हिरवा चहा, द्राक्षे यांची प्रकरणे त्यामानाने लहान आहेत. बर्बेरिनला समाजमाध्यमांनी 'निसर्गाचे ओझेंपिक' हे बिरुद दिल्यामुळे त्यात चार पाने वाढली, नाही तर तीही वाढली नसती. ओझेंपिक हे औषध भूक कमी करून काम करते, बर्बेरिनची वाट निराळी. दोघांत साम्य आहे ते जाहिरातीपुरते.

आता मघाशी पेरून ठेवलेला मुद्दा. समजा, उद्या खरोखरच असे एखादे वनस्पतिद्रव्य सापडले, जे माणसाच्या अंगात नवी मेदपेशी घडूच देत नाही. ते घ्यावे का?

निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. काही माणसे जन्मतःच मेदपेशींविना असतात. लिपोडिस्ट्रोफी म्हणतात त्या विकाराला. दिसायला ती कमालीची काटक, नसा आणि स्नायू उठून दिसणारी असतात. आणि त्यांना लहान वयात भयंकर मधुमेह होतो, यकृत चरबीने सुजते, रक्त तेलाने दुधाळ होते. कोठार नसले म्हणून धान्य यायचे थांबत नाही. ते माजघरात, देवघरात, वाटेल तिथे सांडते. मेदपेशी नसलेले उंदीर तयार करून त्यांच्यात निरोगी उंदराची चरबी बसवली, तेव्हा त्यांचा मधुमेह आटोक्यात आला. चरबी घातली आणि मधुमेह हटला!

याहून जवळचा पुरावा आपल्या औषधाच्या दुकानात आहे. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारतात तिच्यावर बंदी आली आणि काही आठवड्यांतच, धोक्याची सूचना छापण्याच्या अटीवर, उठली. ही गोळी काय करते? पीपीएआर-गॅमाचा तोच मुख्य खटका दाबते. तिने नव्या, लहान, भुकेल्या मेदपेशी घडतात, वजन दोन-चार किलो वाढते, आणि रक्तातली साखर उतरते. ज्या खटक्याला आपण हळदीने बंद करायला निघालो होतो, तोच चालू करून डॉक्टर मधुमेह आवरतात. हे वाचल्यावर काकांनी हस्तलिखित मिटून ठेवले होते. दोन दिवसांनी परत उघडले.

आणि हा विचार पुण्यात बसून करताना डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना वगळता येत नाही. केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याभोवतीच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा माग ठेवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळीकडून लहान : स्नायू कमी, पोटातले अवयव कमी. फक्त पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर तिथली चरबी जवळपास तशीच राखलेली. हडकुळे पण मेदाळ, अशी ही जन्मापासूनची घडण. २००४ साली याज्ञिकांनी जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. यंत्राने मोजलेली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एका पानाच्या त्या लेखाने जे सांगितले ते मोठमोठ्या अहवालांना जमलेले नाही, आणि स्वतःच्या पोटाचा पुरावा देणारा शास्त्रज्ञ मला नेहमीच जास्त विश्वासाचा वाटत आला आहे.

दक्षिण आशियाई माणसाचे कातडीखालचे कोठार लवकर भरते आणि चरबी लवकर आत, यकृताकडे आणि आतड्याभोवती सांडते, असा एक विचार या निरीक्षणांवर उभा आहे. तो बरोबर असेल, तर नव्या मेदपेशी रोखणारे द्रव्य सगळ्या जगात आपल्याला सर्वांत कमी उपयोगाचे आणि कदाचित सर्वांत धोक्याचे. या पुस्तकात प्रत्येक द्रव्याला मी म्हणूनच दुहेरी प्रश्न विचारला आहे : ते पेशी रोखते का, आणि रोखलेली चरबी मग जाते कुठे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फारच थोड्या निबंधांत शोधलेले सापडले.

पुस्तकात आहारतक्ता नाही. कुठल्या चूर्णाची मात्राही नाही. भाजीत चिमूटभर हळद घालणाऱ्याला यात भिण्यासारखे काही नाही; मात्र हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत, आणि वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी या समजुतीचा समाचार मी जिथे संधी मिळाली तिथे घेतला आहे. धोतराही वनस्पतीच आहे.

परिभाषेबद्दल थोडे. 'मेदपेशी' हा शब्द रूढ आहे, तो ठेवला. जी अजून मेदपेशी झालेली नाही पण होऊ शकते, तिच्यासाठी कोशात जड संस्कृत शब्द आहेत. मी 'कच्ची मेदपेशी' म्हटले. रसायनांची नावे जशी दुकानात आणि डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येतात तशीच देवनागरीत लिहिली. चाचण्यांविषयी लिहिताना प्रत्येक ठिकाणी बशी, उंदीर की माणूस हे पहिल्याच वाक्यात सांगितले आहे. वाचकाने दुसरे काही वाचले नाही तरी तेवढे वाचावे, म्हणून.

हस्तलिखिताचे पहिले वाचक अर्थातच काका. त्यांनी पेन्सिलीने बत्तीस ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, दोन ठिकाणी 'हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?' असे लिहिले, आणि हळदीच्या प्रकरणाच्या शेवटी, समासात, बारीक अक्षरात विचारले : 'सांगलीहून मागवलेली तीन किलो शिल्लक आहे. टाकून देऊ का?'

मी खाली लिहिले, 'नको. काकूंना द्या.'